पागोटे की पाखे? : कुंपणाच्या खांबावरील टोपीचा इतिहास आणि तिची परिभाषा

१

वास्तुकलेचा इतिहास सामान्यतः मोठ्या वास्तूंच्या आधारे लिहिला जातो. मंदिर, किल्ला, राजवाडा, पूल यांच्यावर ग्रंथ होतात. परंतु घराच्या आवाराला घातलेली भिंत, तिच्यातील खांब आणि त्या खांबांच्या माथ्यावर बसविलेली दगडाची अथवा काँक्रीटची टोपी यांची दखल घेण्याचे कारण इतिहासकारास सहसा वाटत नाही. ही टोपी म्हणजे दीड फूट लांबीरुंदीचा एक ठोकळा. ती आवारातच ओतून घ्यावी की तयार विकत आणावी, एवढाच तिच्याविषयीचा प्रश्न. आणि तोही बांधकाम संपत आले म्हणजे घरमालकापुढे उभा राहतो.

या प्रश्नाला मात्र बराच मोठा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तो अशा स्वरूपात उद्भवतच नव्हता, कारण टोपी पाथरवटाकडून घडवून घेतली जाई. कृत्रिम दगड आला आणि टोपी ओतता येऊ लागली, तेव्हा घडणाऱ्याच्या हातातील कसब साच्यात गेले. त्यानंतर 'करावी की घ्यावी' या प्रश्नाचा खरा अर्थ 'साचा कोणाजवळ आहे' असा झाला. प्रस्तुत लेखात प्रथम या अवयवाला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे तपासली आहेत, नंतर त्याचे कार्य सांगितले आहे आणि शेवटी साच्याच्या मालकीचा प्रवास इंग्लंड, फ्रान्स व अमेरिका येथून आपल्याकडे कसा झाला ते पाहिले आहे. साचा आकार जसाच्या तसा पुढे नेतो. परंतु त्या आकाराचे कारण मात्र तो नेत नाही. ते कारण कारागिरांच्या शब्दांत राहते आणि शब्द गेले की तेही जाते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

आरंभ नावांपासून करणे सोयीचे होईल. सांची, भारहूत येथील स्तूपांभोवती जी दगडी वेदिका म्हणजे कठडा आहे, तिचे तीन मुख्य घटक आहेत. उभे खांब ते स्तंभ, त्यांत आडव्या ओवलेल्या पट्ट्या त्या सूची आणि सर्वांच्या माथ्यावरून जाणारी दगडांची सलग ओळ ते उष्णीष. ही परिभाषा अर्वाचीन पंडितांनी बनविलेली नाही. दीघनिकायातील महासुदस्सन सुत्तात वेदिकेचे वर्णन करताना थंभ, सूची आणि उण्हीस हे तिन्ही शब्द एकत्र आलेले आहेत. भारहूतच्या वेदिकेवरील दानलेखांत खांबाचे दान आणि सूचीचे दान यांचा स्वतंत्र उल्लेख होतो. अशीच प्रथा आपल्या कार्ले येथील चैत्यगृहातही दिसते. तेथील खांबांवर धेनुकाकट येथील यवनांच्या दानाचे लेख आहेत. वास्तूचा एखादा घटक सुटा मोजावा, त्याचा खर्च एकाने उचलावा आणि त्याचे नाव त्यावर कोरावे, ही कल्पना दोन हजार वर्षांची आहे. सुट्या अवयवाला स्वतंत्र मोल असू शकते हे मान्य झाल्यावाचून पुढे त्याचा बाजारही भरला नसता.

उष्णीष या शब्दाचा मूळ अर्थ डोक्याला गुंडाळण्याचे वस्त्र, म्हणजे पागोटे. अथर्ववेदाच्या व्रात्यकांडात तो याच अर्थाने आला आहे. 'उन्हाचे निवारण करणारे' अशी त्याची पारंपरिक व्युत्पत्ती देतात; ती भाषाशास्त्राच्या कसोटीस पूर्णपणे उतरते असे म्हणता येत नाही, परंतु शब्दाकडे परंपरा कोणत्या दृष्टीने पाहत होती हे तीवरून कळते. ज्या कठड्याच्या खांबांना दगडी देह मिळाला, त्याच्या माथ्याला पागोटे हे नाव मिळावे, हे स्वाभाविकच होय.

आता युरोपीय भाषांकडे वळू. इंग्रजीत भिंतीच्या संपूर्ण लांबीवर बसविलेल्या दगडांना 'कोपिंग' म्हणतात आणि एकट्या खांबाच्या माथ्यावर बसविलेल्या दगडाला 'कॅप'. हे दोन शब्द ऐकताना भिन्न वाटतात, पण दोहोंचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील 'काप्पा' या एकाच शब्दात आहे. काप्पा म्हणजे डोक्यावरून घेतलेले आच्छादन. त्यापासून धर्मगुरूच्या अंगावरील झग्याला 'कोप' हे नाव पडले, कोपवरून कोपिंग आले. आणि त्याच काप्पापासून डोक्यावरची कॅप आली. फ्रेंच भाषेत भिंतीच्या माथ्यावरील या आच्छादनाला 'शापरों' म्हणतात. शापरों म्हणजे मध्ययुगीन युरोपातील टोपडे, आणि त्याचेही कुळ काप्पाचेच. याचा अर्थ असा की परस्परांशी संपर्क नसलेल्या दोन परंपरांनी, एकीने भारतात व दुसरीने पश्चिम युरोपात, भिंतीच्या माथ्याला शिरस्त्राणाचेच नाव दिले. आपल्याकडील गवंडी आज 'कोपिंग', 'पिलरची कॅप' किंवा नुसते 'टोपी' म्हणतात, ते याच दोन प्रवाहांच्या संगमावर उभे राहून.

मराठीत 'खांब' हा शब्द संस्कृत स्कंभापासून प्राकृत खंभ या रूपातून आला, तर स्तंभापासून आलेला थंभ आपल्याकडे 'थांबणे' या क्रियापदात राहिला. कार्ल्याच्या लेखांतला शब्द अशा रीतीने आपण रोज उच्चारतो, मात्र खांबासाठी नव्हे. नाव आणि वस्तू यांचे प्रवास स्वतंत्र असतात हे ध्यानात ठेवण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे. टोपीच्या बाबतीतही तेच घडले आहे. तिचे नाव पागोट्याचे आहे. तिचे काम मात्र पागोट्याचे नाही.

३

विटांनी किंवा दगडांनी बांधलेल्या भिंतीस सर्वांत मोठा धोका माथ्यावरून असतो. भिंतीच्या बाजूंवर पडलेले पाणी बरेचसे खाली वाहून जाते. माथ्यावर पडलेले पाणी मात्र साचते आणि उभ्या सांध्यांतून आत उतरते. घराच्या भिंतीला छप्पर असते म्हणून ती या आपत्तीतून वाचते. कुंपणाची भिंत आणि तिचे खांब यांना छप्पर नसते. शिवाय त्यांच्या दोन्ही किंवा चारही बाजू उघड्या असतात. थंड देशांत आत शिरलेले पाणी गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि विटेचे पापुद्रे उडविते. आपल्याकडे गोठण्याचे भय नाही, पण चार महिन्यांचा पाऊस आहे. पाणी आत मुरले की गिलावा फुगतो, शेवाळ धरते आणि पावसाळ्यानंतर भिंत वाळू लागली की विटांतील क्षार पृष्ठभागावर येऊन लोणा लागतो.

हे टाळण्यासाठी टोपीला तीन गुण लागतात. पहिला म्हणजे वरच्या अंगाला ढाळ. पाणी क्षणभरही थांबू नये. दुसरा म्हणजे खांबाच्या बाहेर चारही बाजूंनी पुढे येणे. दीड विटेचा खांब गिलाव्यासह सुमारे १४ इंच भरतो. त्यावर १८ इंचांची टोपी बसविली तर प्रत्येक बाजूस ती दोन इंच बाहेर येते. तिसरा गुण सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. टोपीच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, चारही बाजूंनी एक बारीक खाच असावी लागते. कडेवरून ओघळणारे पाणी पृष्ठताणामुळे खालच्या अंगाला चिकटून आत सरकते आणि खांबापर्यंत पोचते. वाटेत खाच असली तर त्याला ती ओलांडता येत नाही. ते थेंब होऊन तेथेच गळते. खाच नसेल तर टोपी दोन इंच बाहेर येऊनही तिचा अर्धा उपयोग व्यर्थ जातो. 'वळचणीचे पाणी आढ्याला' या आपल्या म्हणीत जी उलटी गती सांगितली आहे, तिचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय.

इंग्रज कारागिरांच्या भाषेत या तिन्ही गुणांना नेमके शब्द आहेत. ढाळाला ते 'वेदरिंग' म्हणतात आणि खाचेला 'ड्रिप' किंवा 'थ्रोट', म्हणजे कंठ. एकाच बाजूस उतरणारे कोपिंग ते 'वन्स वेदर्ड', दोन्ही बाजूंस उतरणारे 'ट्वाइस वेदर्ड' आणि खांबाची चारही बाजूंस उतरणारी टोपी ती 'फोर टाइम्स वेदर्ड'. तेथील दुकानांतून आजही टोपी या नावाने मागता येते. येथे पागोट्याचा मागमूस नाही. ही सर्व परिभाषा पावसाची आहे.

मराठीत या अवयवासाठी वेगळी परिभाषा रूढ झाली नसली तरी तिचे सर्व घटक छपराच्या परिभाषेत तयार आहेत. छपराच्या उतरत्या बाजूला आपण पाखे म्हणतो. छप्पर एकपाखी, दुपाखी, चौपाखी असते. पाख्याच्या कडेवरून गळणारी धार ती पागोळी. पाख्याच्या पुढे आलेल्या कडेखालची जागा ती वळचण. या दृष्टीने पाहता इंग्रज कारागिराची चार वेळा ढाळ दिलेली टोपी म्हणजे आपली चौपाखी टोपी. तिच्या बाहेर आलेल्या भागाखाली वळचण आहे आणि खाचेचे काम पागोळी तोडण्याचे आहे. पागोटे आणि पागोळी या शब्दांतील ध्वनिसाम्य पाहून त्यांचा संबंध जोडण्याचा मोह होणे शक्य आहे. त्यासाठी आवश्यक तो ऐतिहासिक पुरावा हाती नसताना तो आवरणेच बरे. अर्थाच्या दृष्टीने मात्र हे दोन शब्द या लेखाचे दोन ध्रुव आहेत. एक सांगतो टोपी कशी दिसते. दुसरा सांगतो ती काय करते.

४

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये बागांच्या व आवारांच्या फाटकांवर भारदस्त खांब उभारण्याची रीत होती. खांबांच्या माथ्यावर टोपी आणि टोपीवर गोल, कलश किंवा अननस असे शिरोभूषण असे. हे काम खाणीतील दगडावर पाथरवट करी आणि ते महाग पडे. १७६९ मध्ये एलिनर कोड या बाईंनी लंडनजवळ लँबेथ येथील कृत्रिम दगडाचा एक कारखाना हाती घेतला. त्यांच्या पदार्थाला 'लिथोडिपायरा', म्हणजे दोनदा भाजलेला दगड, असे ग्रीक धातूंवरून बनविलेले नाव होते. तो काँक्रीट नव्हता. चिनी मातीच्या जातीची माती, आधी भाजलेल्या भांड्यांची पूड, गारगोटी, वाळू आणि काच यांचे मिश्रण साच्यात दाबून आणि भट्टीत अनेक दिवस भाजून तो तयार होई. त्याचा टिकाऊपणा विलक्षण होता. वेस्टमिन्स्टर पुलाजवळील १८३७ चा सिंह आज जवळजवळ दोन शतकांनंतरही स्पष्ट रेषांसह उभा आहे.

या कारखान्याचे महत्त्व पदार्थापेक्षा व्यवहाराच्या पद्धतीत अधिक आहे. १७८४ मध्ये त्याने आपल्या वस्तूंची वर्णनात्मक यादी प्रसिद्ध केली. तीत सातशेहून अधिक वस्तू होत्या. शिल्पकार जॉन बेकन याच्यासारखा कलावंत मूळ नमुना एकदा घडवी. त्यावरून साचा होई आणि साच्यावरून मागणीप्रमाणे प्रती निघत. गिऱ्हाइकाने यादी पाहावी, वस्तू निवडावी व मागवावी. लंडनजवळील हॅम हाउस या वाड्याच्या पुढील आवारात कोड यांच्या कृत्रिम दगडाचे अननस आहेत; ते पाहताना ही नवी पद्धत डोळ्यांपुढे येते. अननस पाथरवटाने त्या जागेसाठी घडविलेला नाही; तो यादीतून आलेला आहे.

यादीची भाषा आणि कार्यशाळेची भाषा येथे प्रथम वेगळ्या होतात. यादीला वस्तू ओळखू यावी लागते, म्हणून ती दिसण्यावरून नाव देते: गोल, कलश, अननस, सिंह. कार्यशाळेला वस्तू काम करावी लागते, म्हणून ती ढाळ, कड, कंठ असे म्हणते. पाथरवटाच्या हातून टोपी होत होती तोवर गिऱ्हाइकाने नुसते 'गोल हवा' म्हटले तरी खाच आपोआप येई, कारण घडणारा ती विसरत नसे. यादीवरून खरेदी सुरू झाल्यावर खाच ही केवळ कारखानदाराच्या जाणीवेवर अवलंबून राहिली. कोड यांच्यासारख्या कारखानदारास ती जाणीव होती. पुढे ती सर्वांनाच राहिली नाही.

कोड यांच्या पदार्थाची कृती कारखान्याबाहेर गेली नाही. यानंतरचा टप्पा सिमेंटचा. १७९६ मध्ये जेम्स पार्कर याने चिकणमातीत सापडणारे विशिष्ट चुनखडी गोळे भाजून एक जलद घट्ट होणारे सिमेंट तयार केले व त्याचे पेटंट घेतले. ते 'रोमन सिमेंट' या नावाने प्रसिद्धीस आले. १८२४ मध्ये लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन या विटकाम करणाऱ्या कारागिराने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्या पेटंटचे शीर्षक अभ्यासकाने अवश्य लक्षात घ्यावे. ते 'कृत्रिम दगड तयार करण्याच्या पद्धतीतील सुधारणा' अशा आशयाचे आहे. पोर्टलंड हे नावही डॉर्सेटमधील पोर्टलंड बेटावरील नामांकित इमारती दगडाशी साम्य सुचविण्यासाठी दिलेले होते. ज्या पदार्थाने पुढे धरणे आणि पूल उभारले, तो आपल्या जन्मवेळी दगडाची नक्कल म्हणून स्वतःची ओळख करून देत होता. आज आपण ज्याला पोर्टलंड सिमेंट म्हणतो ते अधिक तापमानाला भाजलेले असते, आणि ती सुधारणा १८४० च्या दशकात अ‍ॅस्पडिनचा मुलगा विल्यम व त्याचे समकालीन यांच्या हातून झाली. त्याच सुमारास लंडनमध्ये फेलिक्स ऑस्टिन व जॉन सीली यांचा कारखाना सिमेंट, दगडाची चुरी व वाळू यांच्या मिश्रणातून बागेतील कुंड्या, कारंजी आणि खांबांची शिरोभूषणे भट्टीशिवाय ओतून विकत होता.

भट्टी गेल्यामुळे फार मोठा फरक पडला. आता कृती गुप्त राहिली नाही. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे प्रमाण कोणासही शिकता येत होते. कारखानदाराजवळ उरले ते साचे. जॉन रस्किन याने १८४९ मधील 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या ग्रंथात हाताने घडविलेल्या कामाच्या जागी ओतीव अथवा यंत्राचे काम वापरणे ही एक प्रकारची फसवणूक आहे असे मत मांडले. त्याचा रोख अलंकारावर होता आणि त्या मर्यादेत त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु टोपीपुरते पाहिले तर तो प्रश्नाच्या एकाच अंगाकडे पाहत होता असे म्हणावे लागते. ओतीव टोपी दगडाची नक्कल करते हा तिचा खरा दोष नव्हे. ढाळ आणि खाच असलेली ओतीव टोपी पावसाच्या दृष्टीने घडीव टोपीइतकीच प्रामाणिक असते, आणि हाताने घडविलेली सपाट टोपी तितकीच निरुपयोगी.

५

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काँक्रीटने जी झेप घेतली, तिचा एक उगम बागेतच आहे. जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी. झाडांसाठी लाकडी कुंड्या कुजतात व मातीच्या फुटतात म्हणून त्याने लोखंडी तारांच्या जाळीवर सिमेंट थापून कुंड्या केल्या आणि १८६७ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. सलोह काँक्रीटच्या इतिहासात हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. इंग्लंडमध्ये इप्सविच येथील फ्रेडरिक रॅन्सम याने १८४४ मध्ये कृत्रिम दगडाचे पेटंट घेतले होते. त्याचा मुलगा अर्नेस्ट अमेरिकेत गेला आणि १८८४ मध्ये त्याने पीळ दिलेल्या सळईचे पेटंट घेतले. पीळ दिल्यामुळे सळई काँक्रीटमध्ये घट्ट धरली जाते. बापाचा शोध दगडाच्या नकलेचा आणि मुलाचा शोध नव्या बांधणीचा, असा हा एका पिढीतील बदल आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक घटना अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी घडली. हार्मन पामर याने १९०० मध्ये पोकळ काँक्रीट ठोकळा करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. हे यंत्र हाताने चालविण्याजोगे होते. लवकरच शिकागोच्या सिअर्स रोबक या टपालाने माल पाठविणाऱ्या प्रसिद्ध पेढीने 'विझार्ड' नावाचे असेच यंत्र विक्रीस ठेवले आणि त्याच्याबरोबर काँक्रीटच्या कामाचे निरनिराळे साचे व पत्रेही ती विकू लागली. ठोकळ्याच्या दर्शनी अंगावर खडबडीत घडीव दगडाचा भास यावा असा पत्रा विशेष लोकप्रिय झाला.

येथे साच्याची मालकी बदलली. आतापर्यंत साचा कारखान्यात राही व वस्तू बाहेर जाई. आता साचाच वस्तू झाला. शेतकरी, लहान ठेकेदार, स्वतःचे घर स्वतः बांधणारा कामगार, कोणीही साचा विकत घेऊन आपल्या अंगणात दगड ओतू शकत होता. अमेरिकी शेतीखात्याने १९११ मध्ये शेतावरील काँक्रीटच्या उपयोगावर एक पत्रिका काढली, आणि १९१६ मध्ये स्थापन झालेल्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनने सिमेंटच्या घरगुती उपयोगाचा प्रचार हाती घेतला. या साहित्यातून मिश्रणाचे प्रमाण, साच्याला तेल लावणे, काँक्रीट ओले ठेवणे अशा गोष्टी सामान्य माणसापर्यंत पोचल्या. पाथरवटाच्या मुलाला बापाजवळ बसून जे शिकावे लागे, त्याची जागा अशा रीतीने छापील सूचनेने घेतली.

छापील सूचनेला मात्र एक मर्यादा होती. ती 'कसे' सांगे, 'का' क्वचितच सांगे. टोपी ओतण्याच्या कृतीतूनच ही मर्यादा स्पष्ट होते. टोपी सामान्यतः पालथ्या साच्यात ओततात. तिचा चौपाखी माथा साच्याच्या तळाशी असतो, म्हणजे दिसणारा भाग साच्याच्या गुळगुळीत अंगाला लागून नितळ निघतो. खालचे सपाट अंग वर उघडे राहते. पाणी तोडणारी खाच याच उघड्या अंगावर, काँक्रीट पुरते घट्ट होण्यापूर्वी, काठी किंवा पट्टी दाबून करावी लागते. अन्यथा साच्यातच तिची पट्टी बसवावी लागते. म्हणजे खाच हे सर्वांत शेवटचे काम, ते गिऱ्हाइकाला कधीच न दिसणाऱ्या बाजूवर, आणि साचा त्याची आठवण करून देईलच असे नाही. ढाळ साच्यातच असल्यामुळे विसरणे शक्य नाही. खाच विसरणे मात्र अत्यंत सोपे आहे. घडीव दगडाच्या युगात दोन्ही गोष्टी एकाच हाताने होत. ओतीव युगात एक साच्याकडे गेली आणि दुसरी माणसाच्या स्मृतीवर राहिली.

६

आपल्या देशात पोर्टलंड सिमेंट प्रथम आयात होत असे. १९०४ मध्ये मद्रास येथे ते तयार करण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. १९१४ मध्ये पोरबंदर येथे कारखाना सुरू झाला तेथून भारतीय सिमेंटचा खरा आरंभ होतो. १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना होऊन 'इंडियन काँक्रीट जर्नल' हे नियतकालिक सुरू झाले आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन मुंबईत असोसिएटेड सिमेंट कंपनीज ही संस्था निर्माण झाली. याच दशकात पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांची मध्यमवर्गीयांच्या घरांविषयीची पुस्तके निघाली. शहराबाहेरील नव्या वसाहतींत स्वतंत्र भूखंड, भोवती भिंत व पुढे फाटक असे घर मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागले, तेव्हा फाटकाच्या खांबांना टोपी हवी झाली.

त्यापूर्वी भिंतीच्या माथ्याचे रक्षण आपल्याकडे होत नव्हते असे मात्र नव्हे. मातीच्या वा विटांच्या आवारभिंतीवर कौले किंवा फरशा घालण्याची रीत जुनी आहे. त्या रीतीत भिंतीच्या माथ्यावर अक्षरशः छप्परच असते, आणि तिच्यासाठी पाखे व पागोळी हे शब्द ओढूनताणून आणावे लागत नाहीत. काँक्रीटची टोपी आली ती या रीतीची वारस म्हणून नव्हे, तर बंगल्याच्या फाटकाचे भूषण म्हणून. साहजिकच तिच्याबरोबर इंग्रजी नाव आले; इंग्रज कारागिराची पावसाची परिभाषा मात्र फारशी आली नाही.

आता 'करावी की घ्यावी' या प्रश्नाचा हिशेब पाहू. १८ इंच चौरस व सरासरी ३ इंच जाडीच्या टोपीचे वजन सुमारे ३८ किलो भरते. एकास दोन, दोनास चार या रूढ प्रमाणाने तिला सुमारे ५ किलो सिमेंट लागते. आठ खांबांच्या आवाराला ४० किलो, म्हणजे एक गोणीही पुरती लागत नाही. पण तयार टोप्या आणायच्या तर तीनशे किलोंचा बोजा वाहून आणावा लागतो, आणि वाटेत कड उडण्याची भीती असतेच. उलट, साचा करणाऱ्या सुताराची मजुरी दोन टोप्यांसाठीही तेवढीच व वीस टोप्यांसाठीही तेवढीच. यावरून दोन टोप्या विकत घ्याव्यात आणि वीस ओतून घ्याव्यात, असे सामान्यतः म्हणता येईल. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते त्या काळी या हिशेबात आणखी एक अडचण असे. घरासाठी मंजूर झालेल्या गोण्यांतूनच टोपीचे सिमेंट काढावे लागे. हे नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः व १९८९ मध्ये पूर्णतः उठले. आज मोठ्या रस्त्यांच्या कडेला सिमेंटच्या जाळ्या, कुंड्या व कठड्याचे खांब विकणाऱ्या आवारांत टोप्याही तयार मिळतात.

या ठिकाणी आपल्याच शिरोवेष्टनांतील एक भेद उपयोगी पडतो. पागोटे ज्याचे त्याने बांधायचे असते. पगडी पगडबंद बांधून देतो व ती तयार डोक्यावर ठेवायची असते. पागोटे बांधणाऱ्यास आपल्या डोक्याचा घेर ठाऊक असतो. पगडी मापाने घ्यावी लागते. टोपी आवारात ओतून घेणे हे पागोटे बांधण्यासारखे आणि विकत आणणे हे पगडी घेण्यासारखे आहे. दोन्ही रीती योग्य आहेत, परंतु तयार वस्तू घेणाऱ्याने काय पाहावे हे त्याला ठाऊक असले पाहिजे. टोपीच्या बाबतीत ते माप दीड फूट इतकेच नाही. ती उलटी करून पाहिली पाहिजे. खाली खाच असेल तर ती टोपी आहे. नसेल तर तो केवळ खांबावर ठेवलेला ठोकळा आहे. आवारात ओतून घेणाऱ्यासही हीच कसोटी लागू पडते, कारण घरी ओतलेली टोपी खाचेवाचून राहणार नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

७

येथवरच्या विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, खांबावरील टोपीला भारतात आणि युरोपात शिरस्त्राणाचे नाव मिळाले, पण तिचे कार्य छपराचे आहे. नाव दिसण्यावरून पडले, आकार मात्र पावसाने ठरविला. दोन, १७६९ पासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंतच्या दीडशे वर्षांत साचा प्रथम गुप्त कृतीच्या कारखान्यात, नंतर उघड्या कृतीच्या कारखान्यात आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या अंगणात आला. 'करावी की घ्यावी' हा पर्याय सामान्य माणसाला मिळाला तो या तिसऱ्या टप्प्यात. तीन, या प्रवासात जे साच्यात मावत होते ते सर्व टिकले आणि जे मावत नव्हते ते कारागिराच्या शब्दांवर सोपविले गेले. इंग्रजीत ते शब्द व्यापारी परिभाषेत शिरले म्हणून वाचले. मराठीत वस्तू आली, पण तिच्याबरोबर तिची परिभाषा आली नाही. आणि आपल्या छपराची समृद्ध परिभाषा तिच्यापर्यंत पोचविण्याचे कोणी मनावर घेतले नाही.

तांत्रिक परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा इंग्रजी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द घडविणे एवढ्यापुरता मर्यादित राहतो. त्या रीतीने कॅपला 'स्तंभशीर्ष' म्हणता येईल. पण तो शब्द पुन्हा दिसण्याचाच झाला, आणि तो ऐकून कोणा गवंड्याला खाच आठवणार नाही. 'चौपाखी टोपी' म्हटले तर ढाळ नावातच येतो. 'पागोळीची खाच' म्हटले तर ती कशासाठी हे वेगळे सांगावे लागत नाही. असे शब्द नव्याने बनविण्याची गरज नाही. ज्यांच्या बोलण्यात ते अजून आहेत, त्या सुतार, गवंडी, कौले घालणाऱ्या कामगार यांच्याकडून जिल्ह्याजिल्ह्यांतील पाठभेदांसह ते टिपून घेण्याची आहे. सिमेंटच्या छपरांनी आणि सपाट गच्च्यांनी कौलारू पाखी हटविल्यापासून हे शब्द वापरणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने हे काम क्षेत्रकार्याचा विषय म्हणून घेतले तर ते भाषाशास्त्राच्या आणि वास्तूच्या इतिहासाच्या अशा दोन्ही अभ्यासकांच्या उपयोगी पडेल, आणि कदाचित आवाराच्या भिंतीला टोपी बसवू पाहणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्याही.